डाव्या हाताची करंगळी

बटणबुवांनी उभ्या आयुष्यात एकही चेहरा रंगवला नाही. आणि तरी त्या बंदराच्या गावात बड्या लोकांच्या दिवाणखान्यांत जी तैलचित्रं टांगलेली असत, त्यांतल्या बहुतेक चित्रांत मानेखालचा सगळा माणूस बटणबुवांचा असे. वरचं मुंडकं तेवढं चित्रशाळेच्या मालकांनी काढलेलं. सही अर्थात मालकांची. ती सही खालच्या कोपऱ्यात, म्हणजे बुवांनी रंगवलेल्या भागातच असायची, पण ते एक असो.

गोष्ट अठराव्या शतकातली. फोटो नव्हते. आरमारातल्या अधिकाऱ्याला बढती मिळाली, की जहाजावर चढायच्या आधी तो मालकांकडे येऊन बसायचा, कारण गेलेला माणूस परत येईलच याची खात्री तेव्हा कुणी देत नसे. मालक नामांकित चित्रकार. खिडकीशी बसवून दोन-तीन सकाळींत ते चेहरा उतरवायचे, बाकीच्या जागी खडूनं चार रेघा ओढायचे, की झालं त्यांचं काम. मग अधिकारी आपला ठेवणीतला डगला नोकराबरोबर पाठवून द्यायचा आणि स्वतः समुद्रावर निघून जायचा. तो डगला चढायचा एका लाकडी पुतळ्याच्या अंगावर. पुतळ्याचे खांदे, कोपरं, गुडघे हवे तसे वळायचे. डोक्याच्या जागी नुसता गोळा. चित्रशाळेत त्याला 'जावई' म्हणत. भारी कपडे घालून दिवसभर उभं राहायचं आणि इकडची काडी तिकडे करायची नाही, एवढंच त्याचं काम, मग दुसरं काय म्हणणार?

जावयासमोर बसून बुवा डगला रंगवायचे. निळ्या कापडाची घडी, पांढरं अस्तर, सोनेरी फीत आणि बटणं. बटणांत तर त्यांचा हातखंडा. आधी तपकिरी ठिपका, त्यावर पिवळ्या मातीचा, आणि अगदी शेवटी डावीकडे वर फिकट पिवळ्याचा एकच टिंब, की पितळ लखलखायला लागायचं. त्यावरूनच हे नाव पडलं. मागचा समुद्रही त्यांचाच. स्वतः बुवा कधी जहाजावर चढले नव्हते; धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. त्यामुळे कुणाच्याही पाठीमागे एकच जहाज असे, फक्त तोफांचा धूर कमी-जास्त.

राहिले हात. जावयाला बोटं होती, पण ती एका फळीची कापलेली, दंताळ्याच्या दात्यांसारखी. अधिकारी तर केव्हाच निघून गेलेला. मग बुवा स्वतःचाच हात रंगवायचे. डावा हवा असेल तर समोर धरून, उजवा हवा असेल तर तोच डावा आरशात बघून. बुवांचे हात खरोखरच देखणे होते, लांबसडक बोटं, निमुळती नखं, आणि त्यांना त्याचा थोडा तोराही होता. दोन न्यायाधीश, एक डॉक्टर आणि आरमारातले झाडून सगळे अधिकारी बटणबुवांचे हात घेऊन भिंतींवर उभे होते. त्यांची बायको म्हणायची, "गावातल्या सगळ्या साहेबांना माझ्या नवऱ्याचे हात लागलेत, आणि एकालाही भांडं विसळता येत नाही."

इतक्या वर्षांत एकानंही तक्रार केली नाही. अहो, माणूस आधी आपला चेहरा बघतो, मग बटणं बघतो, मग आपल्या शत्रूपेक्षा आपली फीत रुंद आहे ना ते बघतो. हाताकडे कोण बघतंय? म्हणून बुवा निर्धास्त होते, आणि त्यांना फार दोष देण्यातही अर्थ नाही. त्या धंद्यात सगळीकडे असंच चालायचं.

मग एक बाई आली.

मालक तेव्हा परगावी एका न्यायाधीशाचा चेहरा उतरवायला गेले होते आणि आठवडाभर येणार नव्हते. बुवा एकटेच खलबत्त्यात निळा रंग कुटत बसले होते. दारावर थाप पडली. दारात पन्नाशीची एक बाई उभी, डोक्याला रुमाल, हातात रिकामी टोपली. "मुलाचा डगला इथे आहे म्हणतात, तो न्यायला आलेय," असं काहीतरी ती म्हणायला लागली, आणि बोलता बोलता थांबली. खिडकीपाशी जावई पाठमोरा उभा होता. अंगात निळा डगला, एक खांदा जरा वर, डावा हात कमरेशी. टोपली तिच्या हातातून सुटली.

"तो असाच उभा राहायचा," ती म्हणाली.

बुवांच्या लक्षात आलं. हा डगला कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. गावातल्या एका बड्या धान्य व्यापाऱ्यानं आरमारातल्या आपल्या पुतण्याचं चित्र काढायला सांगितलं होतं. पुतण्या चेहरा देऊन गेला, आणि बुवा बटणांपर्यंत पोचायच्या आतच बातमी आली की जहाज वादळात गेलं. कुणी वाचलं नाही, कुणी किनाऱ्यालाही लागलं नाही. व्यापारी येऊन म्हणाला होता, चित्र पुरं करा, आणि फीत जरा रुंद करा. त्या मुलाला आई आहे हे व्यापारी बोलला नव्हता, आणि चित्रशाळेत कुणी विचारलंही नव्हतं.

बुवांनी घाईघाईनं स्टूल पुढे केलं. "बसा बाई. तो पुतळा आहे. लाकडी. मी फिरवून ठेवायला हवा होता, चुकलंच माझं."

"असू दे," ती म्हणाली. बसली मात्र नाही. नवरा गेल्यापासून ती दिराच्या, म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या घरी राहत होती, म्हणजे स्वयंपाकघरात राबत होती. चित्र दिवाणखान्यात लागणार होतं, आणि दिवाणखान्यात पाहुणे असले की तिला तिकडे जायची सोय नसे, आणि तिथे पाहुणे नाहीत असा दिवस उगवत नसे. म्हणून डगल्याचं निमित्त करून ती आली होती. "चित्र एकदा बघू द्याल का?"

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. बुवांनी ते उचलून तिकाटण्यावर लावलं, उजेडाकडे जरा कलवलं, आणि नेहमीच्या सवयीनं बटणांवर नजर फिरवली. बटणं झकास झाली होती. बाई चित्रासमोर उभी राहिली.

"चेहरा असेलही," ती म्हणाली. "त्या पांढऱ्या केसांच्या टोपाखाली सगळे सारखेच दिसतात. बाराव्या वर्षी गेला हो तो जहाजावर. त्यानंतर मला दिसायचा तो येईल तेव्हा दोन दिवस, फार तर चार. दरवेळी नवाच चेहरा घेऊन यायचा. कधी मिशा फुटलेल्या, कधी गाल बसलेले. दार उघडलं की क्षणभर मला प्रश्न पडायचा, हा कोण? हात तेवढा तोच असायचा." मग ती वाकली आणि तलवारीच्या मुठीवर ठेवलेल्या डाव्या हाताकडे तिनं बोट केलं. "हा हात कुणाचा आहे?"

बुवांनी आपला डावा हात पाठीमागे नेला. मुद्दाम नाही, आपोआप गेला. पण बाईनं ते पाहिलं.

"तुमचा आहे," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "चांगला आहे हात. पण माझ्या मुलाला कशाला लावलात, भाऊ? त्याची करंगळी वाकडी होती. इथून," तिनं स्वतःच्या करंगळीचं मधलं पेर दाखवलं, "अशी आत वळलेली. लहानपणी मोडली होती."

"बाई, मी नुसते कपडे रंगवतो," बुवा म्हणाले. हे म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण तोंडातून निघून गेलं. "आणि आता सही झालीय. एकदा मालकांची सही झाली की चित्राला कुंचला लावायचा नाही, असा इथला नियम आहे. मी इथला नोकर माणूस. डगलाही चित्र पोचतं होईपर्यंत इथेच ठेवायला सांगितलाय."

"बरं," एवढंच बोलून बाईनं टोपली उचलली आणि ती गेली.

त्या रात्री जेवताना बुवा ताटातलं नुसतं चिवडत बसले. बायकोनं विचारलं, "काय झालं? मालकांनी झापलं का?" बुवांनी सगळं सांगितलं. ही बायको म्हणजे तोंडानं फटकळ, पण ऐकताना मध्ये बोलायची नाही. ऐकून झाल्यावर तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे त्या माऊलीच्या मुलाला तुम्ही स्वतःचा पंजा चिकटवून दिलात."

"सगळ्यांनाच देतो. कुणाचं काही—"

"सगळे जिवंत होते! घरी गेल्यावर त्यांचे हात त्यांच्याजवळ होते. हिच्याजवळ काय आहे? उद्या आपली पोरगी कुणी रंगवली आणि तिला शेजारणीचं नाक लावलं, तर मी त्या चित्रकाराला जिवंत सोडीन का?"

"नाक आणि करंगळी यांत फरक आहे."

"आईला विचारा फरक आहे का. तुम्ही आई नाही, म्हणून बोलताय." आणि मग जरा नरमून ती म्हणाली, "अहो, वाकडी करंगळी काढायला असा किती वेळ लागतो तुम्हाला?"

खरं सांगायचं तर वेळेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता की बुवांनी आजवर समोरच्या माणसाकडे बघून काहीच रंगवलं नव्हतं. डगला रंगवला तो पुतळ्यावरचा, समुद्र रंगवला तो ऐकीव, हात रंगवले ते स्वतःचे. तरुणपणी त्यांनी एकदा मालकांना विचारलं होतं, एखादा चेहरा करू का म्हणून. मालक हसले होते, आणि तो विषय तिथेच संपला होता. मालकांची सही झालेल्या चित्राला हात लावणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. या वयात हाकलून दिलं तर दुसऱ्या चित्रशाळेत कोण उभं करणार? बुवा भीत होते. सकाळी उठले तेव्हाही भीत होते, आणि भीत भीतच ते धान्य व्यापाऱ्याच्या वाड्याच्या मागल्या दाराशी जाऊन उभे राहिले, जिथून भाजीची पोती आत जात.

बाई मोरीवर कढई घासत होती. बुवांना बघून तिनं हात पुसले.

"दुपारी येता येईल?" बुवा दबक्या आवाजात म्हणाले. "मला हात दाखवायला."

ती आली. बुवांनी तिला खिडकीशी बसवलं, मालक साहेबलोकांना बसवत त्याच खुर्चीत. ती आधी खुर्चीच्या कडेवरच टेकली. बुवांनी दोनदा सांगितल्यावर मागे सरकली. रंगवताना मनगट टेकवायला बुवांची एक काठी असे, ती त्यांनी तिच्या डाव्या हातात तलवारीच्या मुठीसारखी दिली.

"आता त्याची करंगळी कशी असायची, तशी तुमची धरा."

तिनं करंगळी आत वळवली. पुन्हा सोडली, जराशी खाली घेतली, पुन्हा वळवली. "अशी," ती म्हणाली. "आणि बाकीचा हात माझ्यावरच गेला होता त्याचा. सगळे म्हणायचे, बाप्याचा जन्म आणि आईचा पंजा."

बुवांनी पातळ सुरी घेतली आणि चित्रातला स्वतःचा हात खरवडायला सुरुवात केली. वरचा रंग अजून पुरता कडक झाला नव्हता, सालासारखा निघत गेला. आपलाच हात आपण खरवडून काढायचा, हे मोठं चमत्कारिक वाटतं म्हणे. एकेक बोट जात होतं, आणि मध्ये मध्ये बुवा काठी धरलेल्या त्या हाताकडे बघत होते. रुंद अंगठा. आखूड, चौकोनी नखं. घासून घासून फुगलेले सांधे. त्या सांध्यांची सूज काढायची, सुरकुत्या काढायच्या, पंचवीस वर्षांच्या पोराचं रक्त आत भरायचं, आणि हाडं मात्र हीच ठेवायची. बुवांच्या छातीत धडधडत होतं. भीतीनं, असं त्यांना आधी वाटलं. मग कळलं की भीती केव्हाच गेलीय. हा आनंद आहे. समोर माणूस बसलाय आणि आपण त्याला बघून रंगवतोय!

"मोडली कशानं?" त्यांनी न बघता विचारलं.

"मी मोडली," बाई म्हणाली.

बुवांचा कुंचला थांबला.

"वारा सुटला होता. जाऊबाईंशी माझं काहीतरी वाजलं होतं, आता काय ते आठवतही नाही. मी तणतणत खोलीत आले आणि दार धाडकन लावलं. हा माझ्या मागोमाग येत होता. पाच वर्षांचा असेल. दाराच्या फटीत बोट." ती काठीकडे बघत होती. "हाड बसवणाऱ्यानं पट्टी बांधली, ती सरकली, बोट तसंच जुळलं. रडला नाही हो तेव्हा. मीच रडले. मोठा झाल्यावर सुट्टीवर यायचा, तर दारात उभा राहून आधी ती करंगळी माझ्यासमोर नाचवायचा आणि म्हणायचा, 'आई, दार सावकाश.' सगळा गाव झोपेतून उठेल एवढ्यानं हसायचा. दरवेळी तेच. मी म्हणायचे, मेल्या, पुरे कर आता."

तिचे डोळे वाहत होते, पण हात हलला नाही. करंगळी जशी धरली होती तशीच राहिली, आणि बुवा रंगवत राहिले. त्यांनाही समोरचं धूसर दिसत होतं, बाहीनं डोळे पुसून ते पुन्हा बघत होते. दोन दुपारी ती आली. दुसऱ्या दुपारी हात पुरा झाला. बाई चित्राजवळ गेली, श्वास रोखून बघत राहिली आणि म्हणाली, "हा माझा आहे." एवढं बोलून ती निघाली, कारण संध्याकाळचा स्वयंपाक पडला होता.

मालक परत आले ते न्यायाधीशावर वैतागून, कारण त्यानं म्हणे हनुवटी एक कमी करायला सांगितली होती. प्रवासाचे बूट काढायच्या आधीच त्यांची नजर चित्रावर गेली. बुवांना वाटलं, आता भूकंपच होणार.

"हे काय करून ठेवलंस?"

बुवांनी सांगितलं. लपवायला काही नव्हतंच.

"माझी सही झाल्यावर?" मालक ओरडले. "अरे, त्या व्यापाऱ्यानं मला बजावून सांगितलंय, पुतण्या रुबाबदार दिसला पाहिजे. आणि तू त्याला थोटा करून ठेवलास? मी काय सांगू त्याला, माझ्या बटणवाल्याला अक्कल फुटली?" ते चित्राजवळ गेले, लांब झाले, पुन्हा जवळ गेले. "आणि हात चांगला केलायस, गाढवा. म्हणून तर जास्त राग येतोय."

बुवांनी आयुष्यात मालकांच्या तोंडून कामाचं कौतुक पहिल्यांदा ऐकलं, ते हे असं.

दुसऱ्याच दिवशी व्यापारी स्वतः चित्र बघायला आला. ढेरी पुढे, काठी मागे. चेहरा पाहून मान डोलावली, फीत पाहून खूश झाला, बटणं तर त्यानं काठीच्या टोकानं एकेक करून निरखली. मग काठी हातावर येऊन थांबली.

"हे बोट असं का?"

"तुमच्या पुतण्याचं तसंच होतं, असं कळलं," मालक म्हणाले.

"मला ठाऊक आहे तसं होतं! माझ्या घरात मोडलं ते. पण ते चित्रात कशाला? लोक विचारतील, काय झालं म्हणून. मी काय सांगू, दारात सापडलं?"

"लढाईत झालं म्हणा."

"अहो, पोरानं लढाई बघितलीच नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे. इतकी वर्षं नुसती किनाऱ्यावर गस्त, आणि पहिल्याच मोठ्या सफरीवर गेला तो." व्यापाऱ्याचा आवाज इथे जरा चिरकला. तोही काही दगड नव्हता. पोराला त्यानंच वाढवलं होतं, आरमारातही त्यानंच धाडलं होतं, आणि रात्री झोप त्यालाही लागत नसणार. पण त्याला हवा होता तो धडधाकट, देखणा, कुणी काही विचारणार नाही असा पुतण्या. "झाका ते. काहीही करा. बोट दिसता कामा नये. नाहीतर चित्र तुमच्याकडेच ठेवा."

तो गेल्यावर मालक बुवांकडे वळले. आता ओरडत नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. "हातमोजा चढव. पांढरा, चामड्याचा. पुष्कळ अधिकारी घालतात. आणि हे बघ, हे जमत नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरा माणूस बघतो."

बुवा चित्रासमोर बसले. रंगाची पाटी मांडीवर. त्यांना रडू येत होतं, आणि संताप येत होता, व्यापाऱ्याचा, मालकांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. 'हा माझा आहे,' असं ती म्हणून गेली होती. आता ती येईल आणि तिला काय दिसेल? एक पांढरा हातमोजा. त्यात कुणाचाही हात असू शकतो. बुवांचासुद्धा. नाही म्हणावं आणि उठून जावं, असं बुवांच्या मनात आलं. मग त्यांना दिसलं, आपण उठून गेलो तर दुसरा कुणीतरी येऊन या खुर्चीत बसेल, आणि तो हातमोजा स्वतःच्या पंजावरच बेतेल. सगळे बेततात.

तेव्हा बुवांनी कुंचला उचलला.

दोन दिवस लागले. मालक दुरून बघून जायचे. हातमोजा पुरा झाला तसे ते जवळ आले आणि चष्मा लावून वाकले. पांढरं मऊ चामडं, मनगटाशी चुण्या, अंगठ्याशी शिवण. अंगठा रुंद. तीन बोटं मुठीवर सरळ. आणि चौथं, करंगळीचं, मधल्या पेरातून आत वळलेलं, त्या वळणावर चामड्याला बारीक घडी पडलेली.

मालक सरळ झाले. चष्मा पुसत बसले.

"हातमोजा नवा दिसतोय," ते म्हणाले. "नवं चामडं बोटावर नीट बसत नाही. कुणी विचारलं तर असं सांगायचं." आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

व्यापाऱ्यानं काही विचारलं नाही. त्याला बोट दिसायला नको होतं, आणि ते दिसत नव्हतं. त्यानं पुन्हा बटणं निरखली, चित्र उद्या न्यायला गाडी पाठवतो म्हणाला आणि गेला. पुढे बुवांना एक खोड लागली. नवा माणूस चेहरा द्यायला आला, की हे दारात जाऊन उभे राहायचे, "या साहेब," म्हणून हात पुढे करायचे, आणि त्याचा हात नको इतका वेळ धरून ठेवायचे. लोकांना वाटायचं, बटणबुवा म्हातारपणी लाघवी झाले. पण ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीबरोबर दिरानं तिलाही पाठवलं होतं, डगला घडी करून आणायला. नोकर चुरगाळून टाकतात म्हणे. ती आत आली तेव्हा गाडीवान चित्राभोवती गुंडाळायला फडकी सोडत होता. बुवा भिंतीशी उभे होते. दोन दिवस त्यांनी मनात जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पार नाहीशी झाली.

तिनं चित्राकडे पाहिलं. हातमोजा पाहिला. तिचा चेहरा उतरला आणि तिनं बुवांकडे असं बघितलं, की बुवांना वाटलं, यापेक्षा हाकलून दिलं असतं तर बरं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "जवळ येऊन बघा. तुमचा हात आत तसाच आहे. मी पुसला नाही. वरून नुसता हातमोजा घातलाय. घालायला लावला."

ती जवळ आली. वाकली. रुंद अंगठ्यापासून एकेक बोट बघत ती शेवटच्या बोटापाशी आली आणि तिथे थांबली. गाडीवान फडकं हातात घेऊन खोळंबला होता. तोही हलला नाही. बाईनं आपली डावी करंगळी मधल्या पेरात वळवली आणि चित्राला न लावता, अगदी जवळ, त्या वाकड्या बोटाशेजारी धरली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "तिकडे समुद्रावर थंडी असते."

मग तिनं जावयाच्या अंगातला डगला काढला, एकेक बटण सोडवून, बाह्या आधी, जसा झोपलेल्या पोराच्या अंगातून काढतात तसा. घडी करून हातावर घेतला. बुवांकडे बघून तिनं मान डोलावली. गाडीवान चित्र घेऊन पुढे गेला. बाहेर वारा होता. उंबरठा ओलांडल्यावर ती मागे वळली, दाराच्या फटीकडे एकदा बघून घेतलं, आणि दोन्ही हातांनी धरून तिनं दार सावकाश लावलं.